विश्लेषण : सुट्टीतले सहा आठवडे कारखान्यात की कागदावर? विद्युत अभियांत्रिकीच्या ‘इनप्लांट ट्रेनिंग’चे वास्तव काय?

इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याने उन्हाळी सुट्टीत उद्योगात काम करून यावे, असे अभ्यासक्रम सांगतो. त्यासाठी श्रेयांकही आहेत. पण जागा शोधायची कोणी, विद्यावेतन कोण देणार आणि अपघात झाला तर जबाबदार कोण, या प्रश्नांची उत्तरे बहुतेक विद्यार्थ्यांना मिळत नाहीत.

उन्हाळी सत्राचा शेवटचा पेपर सुटला, की विद्युत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची दुसरी परीक्षा सुरू होते. कंपन्यांना मेल पाठवायचे, एमआयडीसीत गेटवर पत्र द्यायचे, मामाच्या ओळखीतल्या सुपरवायझरला फोन करायचा. महाविद्यालयाच्या लेटरहेडवरचे विनंतीपत्र हातात असते, पण पुढे जागा मिळवायची ती स्वतःच. ज्यांना मिळते ते सहा आठवडे पॅनेल, मोटारी, रोहित्रांच्या संगतीत काढतात. ज्यांना मिळत नाही, त्यांच्यातले काही जण पैसे भरून प्रमाणपत्र आणतात. गुणपत्रिकेवर दोघांच्या नावापुढे सारखेच श्रेयांक लागतात.

फरक पडतो तो नंतर, नोकरीच्या मुलाखतीत आणि त्याहून अधिक पहिल्या नोकरीच्या पहिल्या महिन्यात.

नियम काय सांगतात?

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या, आदर्श अभ्यासक्रमानुसार बी.टेक. पदवीचे एकूण १६० श्रेयांक आहेत. परिषदेच्या इंटर्नशिप धोरणाने त्यातले १४ ते २० श्रेयांक इंटर्नशिप, नवोपक्रम आणि तत्सम कामांसाठी धरले आहेत. पदवीच्या चार वर्षांत मिळून किमान ६०० ते ७०० तास, असा त्याचा हिशेब. एका श्रेयांकासाठी साधारण ४० ते ४५ तासांचे काम अपेक्षित असते. म्हणजे आठवड्याला ४० तास धरले, तर सहा आठवड्यांचे २४० तास होतात आणि त्यातून पाच-सहा श्रेयांक मिळतात.

पदविकेच्या विद्यार्थ्यांसाठीही अशीच तरतूद आहे. राज्य तंत्रशिक्षण मंडळाने ‘आय’ योजनेच्या अभ्यासक्रमात चौथ्या सत्रानंतर सहा आठवड्यांचे औद्योगिक प्रशिक्षण सक्तीचे केले होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर पदवी अभ्यासक्रमांतही ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ हा शब्द रुळला.

धोरणात आणखी एक गोष्ट स्पष्ट आहे. विद्यार्थ्याने रोजची नोंदवही ठेवायची, त्यावर कारखान्यातील पर्यवेक्षकाची सही घ्यायची आणि शेवटी अहवाल द्यायचा. मूल्यमापन तीन ठिकाणी व्हावे : उद्योगाकडून, महाविद्यालयाच्या प्राध्यापकाने प्रत्यक्ष जागेवर भेट देऊन आणि परत आल्यावर सादरीकरणातून. यातली मधली पायरी, म्हणजे प्राध्यापकाची भेट, बहुतेक ठिकाणी सर्वात आधी गळते. ६० विद्यार्थी ४० वेगवेगळ्या ठिकाणी गेले, तर तीन-चार प्राध्यापकांनी सुट्टीत किती ठिकाणी जायचे, हा व्यवहारातला प्रश्न आहे.

सहा आठवड्यांत असे काय शिकता येते, जे वर्गात येत नाही?

स्टार-डेल्टा स्टार्टरचे उदाहरण घेऊ. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्याची आकृती काढता येते. मोटार थेट सुरू केली तर ती पूर्ण भाराच्या सहा-सात पट प्रवाह खेचते, आधी स्टारमध्ये सुरू केली तर लाइनमधला प्रवाह एक तृतीयांशावर येतो, हेही पाठ असते. आता त्याच विद्यार्थ्याला २० अश्वशक्तीच्या मोटारीसमोर उभे करा. नेमप्लेटवर प्रवाह लिहिला आहे सुमारे २७ अँपिअर. ओव्हरलोड रिले किती अँपिअरवर लावायचा?

सरळ उत्तर येते २७. पण स्टार-डेल्टा पॅनेलमध्ये हा रिले बहुधा वाइंडिंगच्या वाटेवर बसवलेला असतो, लाइनवर नाही. डेल्टामध्ये वाइंडिंगमधून जाणारा प्रवाह लाइनच्या ५८ टक्के असतो. म्हणून रिले लावायचा साधारण साडेपंधरा अँपिअरवर. तो २७ वर ठेवला, तर लाइनमधला प्रवाह ४७ अँपिअरच्या जवळ जाईपर्यंत रिले गप्प राहील. मोटार जळेल, पण रिले ट्रिप होणार नाही. ५८ टक्क्यांचे सूत्र पुस्तकात असतेच. ते कोणत्या स्क्रूवर लागू करायचे, हे पॅनेल उघडल्यावर कळते.

दुसरे उदाहरण वीजबिलाचे. महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांचे बिल १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएच पद्धतीने आकारले जाऊ लागले. समजा, एका कारखान्याचा भार २०० किलोवॅट आहे आणि पॉवर फॅक्टर ०.८० आहे. वीज यंत्रणेवर पडणारा भार होतो २५० केव्हीए. पॉवर फॅक्टर ०.९८ वर नेला, तर तोच भार २०४ केव्हीए होतो. कारखाना महिन्याला ३०० तास चालत असेल, तर दोन्हींत सुमारे १३,८०० युनिटचा फरक पडतो. युनिटमागे आठ रुपये धरले तरी महिन्याला १ लाख १० हजारांच्या आसपास रक्कम वाचते. त्यासाठी लागतात साधारण ११० केव्हीएआरचे कपॅसिटर.

हे गणित तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला सहज येते. कारखान्याचे बारा महिन्यांचे बिल मागून घेतले आणि असा दोन पानांचा हिशेब व्यवस्थापकासमोर ठेवला, तर ‘शिकायला आलेला पोरगा’ ही ओळख एका दिवसात बदलू शकते.

मोठ्या कंपनीतच प्रशिक्षण घ्यावे का?

विद्यार्थी आणि पालक दोघांचाही ओढा नावाजलेल्या कंपनीकडे असतो. बायोडेटावर नाव दिसते, हे त्याचे कारण. पण मोठ्या कारखान्यात विद्यार्थ्याला एका विभागात बसवले जाते आणि बराच वेळ सेफ्टी इंडक्शन, गेटपास आणि सादरीकरणे पाहण्यात जातो. यंत्राला हात लावण्याची परवानगी क्वचित मिळते. तिथे मिळते ती शिस्त : रेखांकने कशी वाचायची, चाचणीची नोंद कशी ठेवायची, दर्जा तपासणीत काय नाकारले जाते. उदाहरणार्थ, रोहित्र बनवणाऱ्या कारखान्यात चाचणी विभागात दोन आठवडे काढले, तरी गुणोत्तर चाचणी, वाइंडिंगचा रोध, लोड आणि नो-लोड लॉस, तेलाची विद्युत सहनशक्ती हे सगळे क्रमाने पाहता येते. तेलाच्या चाचणीत दोन इलेक्ट्रोडमधले अंतर अडीच मिलिमीटर असते आणि तेवढ्या फटीत किती किलोव्होल्टला ठिणगी पडते ते मोजतात. एकदा पाहिले की ते विसरत नाही.

छोट्या पॅनेल बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये उलटे असते. नाव कोणाला माहीत नसते, पण पहिल्याच दिवशी हातात क्रिंपिंग टूल येते. बसबार कापणे, कंट्रोल वायरिंगला फेरूल लावणे, मल्टिमीटरने एकेक तार तपासणे, हे सगळे स्वतः करावे लागते. चूक झाली तर ती कॉन्टॅक्टर ‘खटखट’ वाजून लगेच सांगतो.

मोटार रिवाइंडिंगची दुकाने तर जवळपास प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी आहेत. जळून आलेली मोटार उघडली, की ती का जळली याचा माग वाइंडिंगवर दिसतो. स्टार जोडणीच्या मोटारीत दोन फेज काळे पडलेत आणि एक चांगला आहे, तर एक फेज गेलेला असताना मोटार चालत राहिली, असे समजायचे. डेल्टा जोडणीत असेच झाले तर सहसा एकच फेज जळतो. तिन्ही फेज सारखे काळे असतील, तर अतिभार. शाळा सोडून या धंद्यात आलेला कारागीर हे एका नजरेत सांगतो. सिंगल फेजिंगवर दहा गुणांचे उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने ते त्याच्याकडून समजून घेण्यात कमीपणा नाही.

राज्यात संधी कुठे आहेत?

उद्योगांचे पट्टे ठरलेले आहेत. नाशिकचे सातपूर आणि अंबड, अहिल्यानगरची एमआयडीसी, छत्रपती संभाजीनगरचे वाळूज आणि शेंद्रा, पुण्याजवळचे चाकण आणि पिंपरी-चिंचवड, ठाणे-बेलापूर पट्टा, नागपूरचे बुटीबोरी आणि हिंगणा. स्विचगिअर, मोटारी, रोहित्रे, पॅनेल आणि वाहनांचे विद्युत भाग बनवणारे कारखाने इथे आहेत. वीजनिर्मितीत २,९२० मेगावॉटचे चंद्रपूर औष्णिक केंद्र, कोराडी आणि १,९६० मेगावॉटचा कोयना जलविद्युत प्रकल्प ही मोठी ठिकाणे.

अडचण हिंगोली, वाशीम किंवा नंदुरबारच्या विद्यार्थ्याची आहे. पुण्यात सहा आठवडे राहायचे म्हणजे खोलीभाडे, मेस आणि प्रवास आला. विद्यावेतन नसेल तर हा खर्च घरचाच. शेतकरी कुटुंबात तो जूनच्या पेरणीच्या तोंडावर येतो. त्यामुळे ‘चांगली’ जागा मिळूनही काही जण जात नाहीत.

अशा वेळी जवळची ठिकाणे पाहायला हवीत. त्यातले एक दुर्लक्षित ठिकाण म्हणजे साखर कारखाना. गळीत हंगाम आटोपला, की पुढच्या हंगामाआधीच्या महिन्यांत कारखान्यांत देखभाल-दुरुस्ती चालते आणि नेमकी तेव्हाच कॉलेजला सुट्टी असते. सहवीजनिर्मितीचा प्रकल्प असेल तर टर्बाइन, अल्टरनेटर, ब्रेकर, रिले, मोठ्या मोटारी असे सगळे उघडून ठेवलेले असते. चालू कारखान्यात जे बंद झाकणाआड असते, ते इथे जमिनीवर मांडलेले दिसते.

महावितरणची ३३/११ केव्ही उपकेंद्रे राज्याच्या ग्रामीण भागातही सर्वत्र आहेत. तिथे प्रशिक्षणासाठी कार्यालयाची रीतसर परवानगी लागते. ती मिळाली तर ब्रेकरचे ट्रिपिंग, फीडरचा भार, बॅटरी चार्जर, सिलिका जेलचा निळ्यावरून गुलाबी झालेला रंग हे सगळे रोज पाहता येते. छतावरील सौर पॅनेल बसवणारे ठेकेदार ही आणखी एक नवी जागा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत देशभरात एक कोटी घरांचे लक्ष्य आहे आणि तीन किलोवॉटच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. या कामात सावलीचा अभ्यास, डीसी केबलची जाडी, अर्थिंग आणि नेट मीटरिंगचे अर्ज, असे सगळे एका छताखाली नव्हे तर छतावर शिकता येते.

मग कारखाने विद्यार्थ्यांना घ्यायला का बिचकतात?

पहिले कारण सुरक्षा. विजेची चूक डोळ्यांना दिसत नाही आणि ती सुधारायला दुसरी संधी देत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा आणि वीजपुरवठ्यासंबंधीचे नियम २०१० मध्ये आले होते. त्यांच्या जागी २०२३ चे नियम लागू झाले. ज्याची त्या कामासाठी नेमणूक झाली आहे त्यानेच विद्युत यंत्रणेवर काम करावे, हे त्यामागचे सूत्र. वीस वर्षांचा विद्यार्थी या व्याख्येत बसत नाही.

कपॅसिटर बँक बंद केली तरी तिच्यात भार शिल्लक असतो. प्रवाह वाहत असताना करंट ट्रान्सफॉर्मरची दुय्यम बाजू उघडली, तर तिथे जीवघेणा दाब तयार होतो. ११ केव्ही लाइन बंद आहे असे कोणी सांगितले, तरी परमिट घेतल्याशिवाय आणि लाइन अर्थ केल्याशिवाय तिला हात लावायचा नसतो. मागून कोणाच्या जनरेटरचा किंवा इन्व्हर्टरचा पुरवठा येत असू शकतो. जुन्या लाइनमनच्या अंगवळणी पडलेल्या या गोष्टी नवख्याला कोणीतरी शेजारी उभे राहून सांगाव्या लागतात.

दुसरे कारण नेमके तेच : शेजारी उभे राहायला माणूस नाही. देखभाल विभागात पूर्वी जिथे सहा जण असत, तिथे आता दोघे आणि उरलेले कंत्राटी. उत्पादन थांबले तर उत्तर द्यावे लागणारा अभियंता विद्यार्थ्याला वेळ कुठून देणार? तिसरे कारण काळाचे. चार आठवड्यांसाठी आलेला विद्यार्थी कामाला उपयोगी पडेपर्यंत जायची वेळ होते. कारखान्याच्या हिशेबात तो मदतीपेक्षा जबाबदारी अधिक ठरतो.

विद्यावेतन मिळते का?

इथे सर्वाधिक गोंधळ आहे. शिकाऊ उमेदवारी, इंटर्नशिप आणि सुट्टीतले प्रशिक्षण या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ चा कायदा आहे. त्यात मालक आणि उमेदवार यांच्यात करार होतो आणि त्याची नोंदणी होते. ३० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पदवीधरांना किमान ९,००० आणि पदविकाधारकांना ८,००० रुपये विद्यावेतन ठरले. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने विद्यावेतनात ३६ टक्के वाढीची शिफारस केली. पण अभियंत्यांसाठी ही वाट प्रामुख्याने पदवी किंवा पदविका हातात आल्यानंतरची, साधारण वर्षभराची आहे.

दुसरी वाट सरकारी योजनांची. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत मोठ्या कंपन्यांत बारा महिन्यांची संधी आणि महिन्याला ५,००० रुपये होते. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये ठरले. दोन्ही योजनांची मेख एकच : पूर्णवेळ शिक्षण सुरू असलेल्यांना त्या लागू नाहीत.

उरतो तो सुट्टीत सहा आठवडे जाणारा विद्यार्थी. त्याच्यासाठी किमान विद्यावेतन ठरवणारा नियम नाही. एखादी कंपनी देते, दुसरी फक्त कँटीनचे जेवण देते, बहुतेक काहीच देत नाहीत. अभ्यासक्रमाने सक्ती केली, पण त्याचा खर्च कोणाच्या खात्यावर टाकायचा हे ठरवले नाही.

पैसे भरून प्रमाणपत्र घेण्याचा प्रकार काय आहे?

सक्ती आणि जागांची टंचाई एकत्र आली की बाजार तयार होतो. ‘चार आठवड्यांची इंटर्नशिप, प्रोजेक्ट रिपोर्टसह’ अशा जाहिराती परीक्षेच्या सुमारास विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरू लागतात. काही हजार रुपये भरायचे, काही रेकॉर्ड केलेले व्हिडीओ पाहायचे, शेवटी प्रमाणपत्र मिळते. काही ठिकाणी व्हिडीओही पाहावे लागत नाहीत.

यातला प्रत्येक अभ्यासक्रम बनावट असतो असे नाही. पीएलसी, ऑटोकॅड किंवा सौर प्रकल्पांच्या आराखड्याचे चांगले वर्ग फी घेऊन चालतात आणि त्यांचा उपयोगही होतो. पण त्याला प्रशिक्षण वर्ग म्हणावे, औद्योगिक अनुभव नव्हे. ओळखण्याची साधी खूण पैशाच्या दिशेची. काम करायला जाणारा पैसे भरत असेल, तर तो ग्राहक आहे, प्रशिक्षणार्थी नाही.

याचा फटका सगळ्यांनाच बसतो. मुलाखत घेणाऱ्याला अशी प्रमाणपत्रे ओळखू येतात. त्यामुळे त्याचा प्रमाणपत्र या कागदावरचाच विश्वास उडतो आणि खरोखर सहा आठवडे घाम गाळलेल्या विद्यार्थ्यालाही पहिल्या प्रश्नापासून स्वतःला सिद्ध करावे लागते.

अपघात झाला तर जबाबदार कोण?

शिकाऊ उमेदवार हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी आहे, असे १९६१ चा कायदा सांगतो. मात्र प्रशिक्षणादरम्यान इजा झाली, तर नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच कायद्याने मालकावर टाकली आहे. नोंदणीकृत करार असल्याचा हा फायदा.

सुट्टीतल्या विद्यार्थ्याकडे असा करार नसतो. त्याच्याकडे महाविद्यालयाचे विनंतीपत्र आणि कंपनीचे होकारपत्र असते. त्या होकारपत्रात अनेकदा ‘कोणत्याही दुर्घटनेस कंपनी जबाबदार राहणार नाही’ असे वाक्य असते आणि त्याखाली विद्यार्थी व पालक सही करून देतात. महाविद्यालयाची विमा योजना असली, तरी ती आवाराबाहेरच्या औद्योगिक कामाला लागू आहे का, हे फारच थोडे विचारतात. सक्तीच्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून पाठवलेल्या विद्यार्थ्याच्या जिवाची जोखीम त्याच्याच सहीने त्याच्यावर सोपवली जाते, हा या व्यवस्थेतला सर्वात कच्चा दुवा आहे. जागेवर जाण्यापूर्वी विम्याची प्रत हातात असणे, ही अट महाविद्यालयांनी स्वतःहून घालायला हवी.

मुलींच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. ‘साइटवर सोय नाही’ या एका वाक्यावर त्यांचा अर्ज बाजूला ठेवला जातो. सोय म्हणजे स्वच्छतागृह, कपडे बदलायची खोली आणि शिफ्ट संपल्यावर स्टँडपर्यंत जाण्याची व्यवस्था. मग त्यांना कार्यालयात डेटा एंट्रीला बसवले जाते आणि अहवालात मात्र ‘देखभाल विभाग’ लिहिले जाते.

इतर देशांत ही व्यवस्था कशी चालते?

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठ १९५७ पासून ‘को-ऑप’ पद्धत चालवते. त्यात अभियांत्रिकीचे विद्यार्थी साधारण चार महिन्यांचे सत्र वर्गात आणि पुढचे चार महिने उद्योगात, असे आलटूनपालटून काढतात आणि उद्योग त्यांना पगार देतात. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स विद्यापीठाने पदवीसाठी ६० दिवसांच्या औद्योगिक प्रशिक्षणाची अट ठेवली आहे. अनेक विद्यार्थी ते सुट्ट्यांमध्ये पूर्ण करतात. दोन्हींत लक्षात घेण्याजोगी गोष्ट कालावधीची. चार महिन्यांचा माणूस कंपनीला उपयोगी पडतो, म्हणून कंपनी त्याला पगार देते. चार आठवड्यांत ते साधणे कठीण.

विद्यार्थ्यांनी काय पाहावे?

जागा शोधताना कंपनीच्या नावाआधी तीन प्रश्न विचारावेत. रोज कोणाच्या हाताखाली काम करायचे, त्या व्यक्तीचे नाव आणि हुद्दा काय? सुरक्षेची साधने, म्हणजे हेल्मेट, सेफ्टी शूज, हातमोजे, कोण देणार? आणि सहा आठवड्यांनंतर दाखवता येईल असे एक ठरावीक काम कोणते?

तिसरा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. ‘संपूर्ण प्लांटचा अभ्यास’ या शीर्षकाचा अहवाल कोणी वाचत नाही. त्याऐवजी कारखान्यातल्या दहा मोटारींचे नेमप्लेट, प्रत्यक्ष प्रवाह आणि रिलेची सेटिंग यांचा तक्ता, अर्थ पिटच्या रोधाच्या नोंदी, किंवा वर्षभराच्या बिलाचे विश्लेषण, असे छोटे पण पूर्ण काम हाती घ्यावे. मोजमापे अर्थातच अधिकृत व्यक्ती घेईल. नोंद आणि विचार विद्यार्थ्याचा.

रोजची नोंदवही त्याच दिवशी लिहावी. ‘आज पॅनेलची माहिती घेतली’ या ओळीला अर्थ नाही. ‘फीडर क्रमांक दोनचा ब्रेकर दुपारी अर्थ फॉल्टवर ट्रिप झाला, केबल मेगर केली, जॉइंटमध्ये पाणी सापडले’ ही ओळ दोन वर्षांनी मुलाखतीत उपयोगी पडते.

आणि कोणी चालू यंत्रणेला हात लावायला सांगितले, तर नाही म्हणावे. प्रमाणपत्र अडेल या भीतीने होकार देऊ नये.

पुढे काय?

सहा आठवड्यांचे प्रशिक्षण सक्तीचे करणे हा निर्णय चुकीचा नाही. विद्युत अभियांत्रिकीच्या पदवीधरांचा मोठा भाग सॉफ्टवेअरकडे जातो. सुरुवातीचा पगार हे त्याचे एक कारण. पण चार वर्षांत खऱ्या यंत्रासमोर उभे राहण्याची वेळच आली नाही, हेही दुसरे कारण आहे. स्मार्ट मीटर, सौर कृषी वाहिन्या, विजेवरची वाहने यांमुळे राज्यात विजेच्या क्षेत्रातले काम वाढते आहे. ते करणारी माणसे इथेच तयार व्हायची असतील, तर प्रशिक्षणाची जागा शोधणे ही एकट्या विद्यार्थ्याची जबाबदारी राहू शकत नाही.

जिल्ह्यातील महाविद्यालये, औद्योगिक संघटना आणि वीज कंपन्यांनी फेब्रुवारीतच जागांची यादी तयार करणे, विमा महाविद्यालयाने उतरवणे, प्राध्यापकाची किमान एक भेट खरोखर होणे आणि प्रवास-भोजनापुरते तरी विद्यावेतन ठरणे, या चार गोष्टींना नवा कायदा लागत नाही. त्या होईपर्यंत मे महिन्यात एमआयडीसीच्या गेटवर पत्र घेऊन उभी असलेली मुले दिसत राहतील. त्यांच्यातल्या किती जणांना आत घेतले जाते, यावर त्यांच्या पदवीची खरी किंमत ठरणार आहे.